जुलैचा बिंदू आणि त्याची दांडी: लाटेकमध्ये एरर बार काढताना

लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून मजकूर जुळवायच्या प्रणालीत, ग्राफवर एरर बार, म्हणजे बिंदूची अनिश्चितता दाखवणारी दांडी, काढायला एक ओळ पुरते. त्या ओळीत कोणता आकडा भरायचा हे ठरवायला मात्र मला पुन्हा खाजनात जावं लागलं. थीसिस लिहिणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल, म्हणून ही सगळी प्रक्रिया जशी घडली तशी मांडते आहे.

माझा विषय चोडण बेटावरच्या खाजन शेतांतली लवणता. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याची लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं आणि भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटतं. तरीही खारं पाणी पाझरतंच आणि उन्हाळ्यात मीठ मातीच्या वरच्या थरात जमतं. पाऊस लागला की ते धुऊन जातं आणि सरद, म्हणजे पावसाळी, शेती उभी राहते. मीठ सोसणारा कोरगुट भात इथलाच.

पाऊस सुरू झाल्यावर हे मीठ किती उतरतं, हे मला मोजायचं होतं. मोजायची ती मातीची विद्युतवाहकता, डेसीसीमेन्स प्रति मीटर या एककात. संपृक्त लगद्याच्या अर्काची वाहकता २५ अंश सेल्सिअसला ४ च्या वर असेल तर ती माती खारी धरतात. या व्याख्येतला लगदा फार महत्त्वाचा आहे. मातीत दुप्पट-अडीचपट पाणी घालून ढवळून मोजलं तर आकडा वेगळा येतो आणि तो या ४ शी थेट ताडून पाहता येत नाही. म्हणून आम्ही लगदाच करायचो. मातीत डिस्टिल्ड पाणी थोडं थोडं घालत, स्पॅचुलाने मळत राहायचं. एक क्षण असा येतो की लगद्याच्या पृष्ठावर चकाकी येते, भांडं कलतं केलं की तो किंचित सरकतो आणि स्पॅचुलावरून अलगद सुटतो. तिथे थांबायचं. खाजनाची चिकण माती तिथपर्यंत यायला वेळ घेते आणि हात भरून येतात. मग लगदा मुरू द्यायचा, पंप लावून अर्क गाळायचा आणि मीटर बुडवायचा. मीटर त्याआधी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात तपासायचा. २५ अंशांना त्याने १.४१३ दाखवायला हवं.

एका शेतातलं जुलैच्या सुरुवातीचं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवते. तीन ठिकाणची माती, तीन आकडे: ३.२, ४.१ आणि ५.९. सरासरी ४.४.

ग्राफवर ४ ची आडवी तुटक रेघ आणि तिच्या जरा वर हा ४.४ चा बिंदू. नुसता बिंदू पाहणाऱ्याला वाटेल की शेत अजून खारं आहे. त्या बिंदूला दांडी लागली की प्रश्न बदलतो, आणि दांडी किती लांब यावर तो किती बदलतो ते ठरतं.

आमच्याकडे ग्राफ स्प्रेडशीटमध्ये काढायची रीत होती. तिथे एरर बारचं बटण आहे, दाबलं की दांड्या येतात. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझा ग्राफ हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सगळ्या महिन्यांची दांडी सारख्याच लांबीची कशी?" मेमध्ये माती वाळून भेगाळलेली, ऑगस्टमध्ये पाण्याखाली, आणि तरी दोन्हीकडे फैलाव तंतोतंत एक! तो प्रोग्राम तयार पर्यायात तुमची तीन-तीन रीडिंग पाहतच नाही. ग्राफवर जे सरासरीचे बिंदू आहेत त्यांच्यावरूनच तो एक आकडा काढतो आणि सगळीकडे तोच चिकटवतो. प्रत्येक बिंदूला स्वतःची दांडी द्यायची सोय तिथेही आहे, पण ती आत शोधावी लागते. थीसिस तसाही लाटेकमध्येच लिहायचा होता. मग ग्राफही तिथेच काढू, आकड्यांची फाइल शेजारी ठेवू आणि फाइल बदलली की दांडी आपोआप बदलेल, असं ठरलं.

लाटेकच्या मुळाशी असलेली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये पहिल्यांदा आणली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक रचलं. चित्रं काढायचं टिक्झ हे टिल टांटाऊ यांचं, आणि त्यावर उभं राहिलेलं ग्राफचं पॅकेज पीजीएफप्लॉट्स हे ख्रिस्तियान फॉयरझेंगर यांचं. या पॅकेजची पुस्तिका पाचशेहून अधिक पानांची आहे. घाबरू नका, एरर बारचा भाग त्यात थोड्याच पानांत आटोपतो. तो मात्र पूर्ण वाचा. इथून तिथून ओळी उचलून जोडल्या की दांडी उमटते, पण ती कशाची आहे ते कळत नाही.

पहिल्यांदा कंपाइल केलं तेव्हा बिंदू आले, दांड्या आल्या नाहीत. चुकीचा संदेशही नाही. कारण साधं आहे: दांडी कोणत्या दिशेने काढायची याचा पर्याय, ‘वाय डिर’, मुळात ‘नन’ वर असतो. त्याला ‘बोथ’ सांगितल्याशिवाय पॅकेज काही काढत नाही. ‘प्लस’ म्हटलं तर फक्त वर, ‘मायनस’ म्हटलं तर फक्त खाली. दुसरा पर्याय दांडीच्या लांबीचा. ‘वाय फिक्स्ड’ म्हणजे सगळ्यांना एकच लांबी, ‘वाय फिक्स्ड रिलेटिव्ह’ म्हणजे प्रत्येक बिंदूच्या ठरावीक टक्के, आणि ‘वाय एक्स्प्लिसिट’ म्हणजे प्रत्येक बिंदूची लांबी फाइलमधून वाचायची. मला हवा होता तो तिसरा. मग ‘टेबल’च्या कंसात सांगायचं: क्ष-अक्षावर कोणता स्तंभ, य-अक्षावर कोणता, आणि ‘वाय एरर’ म्हणून कोणता. फाइल स्वल्पविरामाने तोडलेली असेल तर ‘कोल सेप’ला ‘कॉमा’ सांगायचं.

या पर्यायांच्या आधी ‘एरर बार्स’ आणि त्याला जोडून तिरकी रेघ, टिंब, सीडी असं लिहावं लागतं. पर्याय कप्प्याकप्प्यांत ठेवलेले असतात आणि या शब्दांनी आपण एरर बारच्या कप्प्यात शिरतो. त्याच कंसात त्यापुढे जे लिहाल ते पॅकेज याच कप्प्यात शोधतं. म्हणून बिंदूचा रंग, चिन्हाचा आकार, रेघ नको असेल तर ‘ओन्ली मार्क्स’, हे सगळं आधी लिहायचं आणि एरर बारचा भाग शेवटी. क्रम उलटा झाला की हा पर्याय मला माहीत नाही असा संदेश येतो. पर्याय तर बरोबर असतो, म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो.

इथवरचं काम एका बैठकीत उरकतं. खरा वेळ गेला तो ‘वाय एरर’च्या स्तंभात.

माझ्या वहीत दोन प्रकारची तीन-तीन रीडिंग होती. एक प्रकार म्हणजे एकाच बीकरमधल्या अर्कात मीटर तीनदा बुडवून घेतलेली. मधल्या ठिकाणच्या मातीची ती अशी: ४.१०, ४.१२, ४.०९. त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फैलाव, येतं जेमतेम ०.०१५. हा आकडा स्तंभात भरून पाहिला तर दांडी बिंदूच्या वर्तुळामागेच लपली, पीडीएफ मोठं करून पाहिलं तरी बाहेर डोकावेना. दुसरा प्रकार म्हणजे शेतातली तीन ठिकाणं: ३.२, ४.१, ५.९. त्यांचं प्रमाण विचलन १.३७. ही दांडी ४ च्या रेघेला ओलांडून खाली ३.०३ पर्यंत पोचते. दोन्ही वेळा ‘तीन रीडिंग’ असंच लिहिलं जातं, सॉफ्टवेअरला दोन्ही सारखीच, आणि कागदावर निघणारे ग्राफ मात्र एकमेकांशी न जुळणारे. पहिली दांडी मीटर किती स्थिर आहे ते सांगते. दुसरी शेत किती एकसारखं आहे ते सांगते. माझा प्रश्न शेताचा होता.

आणखी माती आणायला रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेले तेव्हा ज्यांच्या शेतात नमुने घेत होते त्या काकांना आकडे सांगितले. त्यांनी बांधावर उभं राहून विचारलं, "माती उचललीस ती कुठून कुठून?"

मी तिन्ही जागा दाखवल्या.

"मग फरक येणारच गो बाय. ती मानशीकडची. तिथे बांध पाझरतो, मीठ शेवटपर्यंत राहतं. हा आतला कोपरा बघ, टेकडीचं पाणी पहिलं इथे उतरतं. इथलं मीठ आधी जातं."

"म्हणजे इथे आधी लावणी करता?"

"नाहीतर काय! इथून सुरू करतो आणि तिकडे सरकत जातो."

५.९ मानशीकडचा, ३.२ आतल्या कोपऱ्याचा, ४.१ मधला. तिन्ही आकड्यांना जागा होत्या, क्रम होता. ही दांडी मोजमापातल्या डळमळीची नव्हती. शेताचा उतार, पाझर आणि टेकडीचं पाणी यांचा तो हिशेब होता, आणि काका लावणीचा क्रम त्याच हिशेबाने लावत होते. त्यानंतर मी फाइलमध्ये सरासरीचा एक स्तंभ ठेवण्याऐवजी प्रत्येक ठिकाणाची वेगळी ओळ केली, आणि मानशीपासूनचं अंतरही लिहू लागले. सरासरी केव्हाही काढता येते. एकदा सरासरीच तेवढी ठेवली की मूळ तीन आकडे परत मिळत नाहीत.

आता या तीन आकड्यांवरून नेमकी कोणती दांडी काढायची? इथे प्रत्येक प्रयोगशाळेचं आपलं मत असतं आणि माझंही आहे.

प्रमाण विचलन १.३७. पण स्प्रेडशीटमध्ये त्याची दोन सूत्रं असतात. एकात सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज दोनाने भागतात, दुसऱ्यात तीनाने. नमुन्यावरून अंदाज करायचा असेल तर एकने कमी संख्येने भागायचं, म्हणून १.३७. दुसरं सूत्र वापरलं तर १.१२ येतं. शंभर आकडे असते तर हा फरक जाणवला नसता, तीन असताना तो जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा आहे. सरासरी कितपत पक्की आहे ते सांगते प्रमाण त्रुटी, म्हणजे विचलनाला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून येणारा आकडा: १.३७ भागिले १.७३, म्हणजे ०.७९. आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकते याचा पल्ला, हवी असेल तर त्या ०.७९ ला टी-तक्त्यातल्या आकड्याने गुणायचं. तीन नमुन्यांसाठी तो आकडा आहे ४.३०३. पुष्कळजण सवयीने इथे २ घेतात. मोठ्या नमुन्यांना ते चालतं, तीनाला अजिबात नाही. गुणाकार येतो ३.४२. म्हणजे दांडी ०.९८ पासून ७.८२ पर्यंत.

एकाच शेताच्या एकाच दिवसाच्या बिंदूला ०.७९, १.३७ आणि ३.४२ अशा तीन लांबीच्या दांड्या लागू शकतात आणि तिन्ही गणिताने बरोबर आहेत. छापील ग्राफवर त्या दिसायला अगदी सारख्या असतात. प्रमाण त्रुटीची दांडी सगळ्यांत आखूड म्हणून ग्राफ नेटका दिसतो, आणि म्हणूनच ती फार लावली जाते असं मला वाटतं. तीन नमुन्यांवर ती लावून खाली काहीच न लिहिणं हे वाचणाऱ्यावर अन्याय करणारं आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

थोड्या नमुन्यांचा हा प्रश्न ज्याने सोडवला, ज्याच्या कामातून हा टी-तक्ता आला, तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत होता. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपला लेख छापला. शेतीच्या आणि कारखान्याच्या प्रयोगांत नमुने मोजकेच मिळतात, त्यावरून किती छातीठोकपणे बोलावं हीच त्याची अडचण होती. खाजनात चिखल तुडवत तीन पिशव्या माती आणणाऱ्याला तो फार जवळचा वाटतो.

मी ‘वाय एरर’चा आकडा हाताने लिहिणं बंद केलं ते या टप्प्यावर. फाइलमध्ये विचलनाचा आणि नमुनासंख्येचा असे दोन स्तंभ ठेवले. पीजीएफप्लॉट्समध्ये ‘वाय एरर एक्स्प्र’ असा पर्याय आहे, त्यात ‘धिसरो’ ही आज्ञा वापरून स्तंभावर गणित करता येतं. विचलन भागिले संख्येचं वर्गमूळ, असं तिथेच लिहिलं की प्रमाण त्रुटी. नुसता विचलनाचा स्तंभ दिला की विचलन. याचा खरा फायदा असा की दांडी कशाची आहे हे ग्राफच्या मजकुरातच नोंदलेलं राहतं. वर्षभराने फाइल उघडली तरी उत्तर समोर असतं. स्प्रेडशीटमधून चिकटवलेल्या ०.७९ ला मात्र कुठून आलास असं विचारता येत नाही.

बाकीच्या खाचाखोचा पटापट सांगते. दांडीच्या टोकाची आडवी टोपी लहान करायची म्हणून ‘एरर मार्क ऑप्शन्स’मध्ये फक्त आकार लिहिला तर टोपी दांडीच्या दिशेने उभी निजते आणि दिसेनाशी होते. कारण तिला आडवं करणारं मूळचं ९० अंशांचं वळण आपल्या लिहिण्याने पुसलं जातं. ‘रोटेट’ ९० हे स्वतः पुन्हा लिहायचं. महिने जोडणारी रेघ तुटक असेल तर दांड्याही तुटक येतात. ‘एरर बार स्टाइल’मध्ये ‘सॉलिड’ म्हणायचं. एखाद्या महिन्याचा नमुना नसेल तर तिथे शून्य भरू नका, ‘नॅन’ लिहा आणि ‘अनबाउंडेड कोऑर्ड्स’ला ‘जंप’ सांगा, म्हणजे रेघेत तिथे मोकळी जागा राहते. जुलैत एकदा बांधावर एवढं पाणी होतं की आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचताच येईना. त्या जागी मोकळी जागाच खरी. आणि तीन शेतांच्या दांड्या एकाच महिन्यावर एकमेकींवर चढत असतील तर महिने नावांनी न देता १ ते १२ अशा अंकांनी द्या. मग ‘एक्स एक्स्प्र’ने एका शेताला ०.१२ इकडे, दुसऱ्याला ०.१२ तिकडे सरकवता येतं.

दोन्ही बाजूंना असमान दांड्या कशा काढायच्या, ते मात्र मी माझ्या कामासाठी शिकले नाही. मैत्रीण तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांमधल्या जिवाणूंवर काम करते, तिच्या ग्राफसाठी आम्ही दोघी बसलो. तिची पद्धत ‘मोस्ट प्रॉबेबल नंबर’ची: ०.१, ०.०१ आणि ०.००१ ग्रॅमच्या प्रत्येकी तीन नळ्या लावायच्या, किती नळ्यांत वाढ झाली ते मोजायचं आणि तक्त्यात पाहायचं. पहिल्या तिन्ही नळ्यांत वाढ आणि पुढच्या सहांत काहीच नाही, तर तक्ता सांगतो ग्रॅममागे २३ जिवाणू, आणि ९५ टक्के मर्यादा ४.६ ते ९४. इथे ‘वाय एरर प्लस’ आणि ‘वाय एरर मायनस’ असे दोन स्तंभ लागतात. त्यात ९४ आणि ४.६ भरायचे नसतात. पॅकेजला बिंदूपासूनचं अंतर हवं असतं: वर ७१, खाली १८.४. तक्त्यातल्या मर्यादा जशाच्या तशा भरल्या तर पॅकेज काही तक्रार करत नाही, दांडी ११७ पर्यंत चढते, आणि पाहणाऱ्याला ती खरीच वाटते.

तिचा ग्राफ साध्या अक्षावर विचित्र दिसत होता, खाली आखूड आणि वर लांबलचक दांड्या. य-अक्ष लॉग केला, म्हणजे समान अंतराला समान पट, आणि त्या जवळपास सारख्या झाल्या. २३ ला ४.६ ने भागलं तर ५, आणि ९४ ला २३ ने भागलं तर ४ च्या आसपास. अशा मोजणीतली अनिश्चितता बेरजेत नसते, पटीत असते. अक्ष पटीचा केला की दांडी जागेवर बसते. याचीच दुसरी बाजू म्हणजे लॉग अक्षावर सरसकट अधिक-उणे विचलन काढायला गेलं आणि विचलन सरासरीहून मोठं निघालं, तर दांडीचं खालचं टोक शून्याखाली जातं. लॉग अक्षावर शून्यालाच जागा नाही. असं झालं तर दांडी कशीबशी काढण्यापेक्षा तिची जातच बदलायला हवी.

पुढचा टप्पा काकांसाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठी मराठी पोस्टरचा. त्यासाठी झीलाटेक, म्हणजे देवनागरी फॉन्ट चालणारं लाटेक, वापरलं, मुक्ता फॉन्ट घेतला. फॉन्ट सांगताना ‘स्क्रिप्ट’ देवनागरी आहे हे स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी बसते. अक्षांवरचे आकडे गणिताच्या फॉन्टमध्ये जातात, म्हणून ते देवनागरीत हवे असतील तर खुणांची नावं हाताने द्यावी लागतात. महिन्यांची नावं तशीच दिली. पोस्टरवर मी दांडीबरोबर तिन्ही मूळ बिंदूही फिक्या रंगात टाकले. तीनच आकडे असताना ते लपवायचे कशाला? काकांनी जुलैच्या तीन बिंदूंवर बोट फिरवत वरचा मानशीचा, खालचा कोपऱ्याचा, असं न विचारता सांगितलं. सरासरीच्या जाड खुणेकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यानंतर थीसिसमधल्या ग्राफवरही मी मूळ बिंदू ठेवले.

मॅडमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कठीण होता. जूनच्या मध्यावर याच तीन जागांचे आकडे होते ७.०, ८.३ आणि ९.८. सरासरी ८.३७, विश्वासमर्यादा ४.८९ ते ११.८५. जुलैची ०.९८ ते ७.८२. दोन्ही दांड्या एकमेकींत चांगल्याच शिरल्या होत्या. "मग लवणता उतरली असं तू कशावरून म्हणतेस?" त्यांनी विचारलं. ग्राफ पाहणारा कोणीही हेच विचारेल.

उत्तर काकांच्या बोलण्यातच होतं. जागा त्याच होत्या. दोन्ही दांड्या लांब आहेत त्या मानस आणि टेकडीची बाजू यांतल्या फरकामुळे, आणि तो फरक जूनमध्ये होता तसाच जुलैतही आहे. म्हणून प्रत्येक जागेची उतरण वेगळी काढायची. आतला कोपरा ७.० वरून ३.२, उतरण ३.८. मधली जागा ८.३ वरून ४.१, उतरण ४.२. मानशीकडची ९.८ वरून ५.९, उतरण ३.९. सरासरी ३.९७, विचलन ०.२१, आणि तीनच नमुने असूनही, ४.३०३ ने गुणूनही, विश्वासमर्यादा अधिक-उणे ०.५२. शून्याच्या जवळपासही नाही. दोन दांड्या एकमेकींवर चढल्या म्हणजे फरक नाही, असं डोळ्यांनी ठरवायची सवय फार पसरलेली आहे. एकाच जागेची पुन्हा पुन्हा मोजणी असेल तर ती सवय साफ चुकवते.

म्हणून त्या प्रकरणात आता एकाखाली एक दोन ग्राफ आहेत. वरच्यात महिन्यागणिक लवणता, एकेका जागेचे बिंदू बारीक रेघेने जोडलेले, जेणेकरून तिन्ही रेघा समांतर उतरताना दिसाव्यात, आणि सरासरीवर विचलनाची दांडी. खालच्यात फक्त उतरण आणि तिची विश्वासमर्यादा, शून्यावर आडवी रेघ. दोन्ही ग्राफ एकाच फाइलवरून निघतात. वरच्या ग्राफखालची ओळ अशी आहे: ‘फिके बिंदू: शेतातल्या तीन ठरावीक जागांची रीडिंग, प्रत्येक जागेचा एक लगदा. ठळक बिंदू: सरासरी. दांडी: अधिक-उणे एक प्रमाण विचलन, नमुने ३. तुटक रेघ: ४ डेसीसीमेन्स प्रति मीटर.’ खालच्याखाली: ‘दांडी: त्याच जागांच्या जून आणि जुलैमधल्या फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा, टी-तक्त्यानुसार, नमुने ३.’ मॅडमना या ओळी लांब वाटल्या, थोड्या कापता येतील का असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघींनी एकेक शब्द काढून पाहिला आणि शेवटी सगळे परत ठेवले.